कुठून कुठपर्यंत

कुंडलला काकांच्या घरी पोहोचलो तेव्हा सायरन वाजत होता. शेजारचे गृहस्थ कमरेला टॉवेल गुंडाळून, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून रस्त्यावर आले होते. चुलतभाऊ एका लोखंडी डब्याची वायर उपटत होता.

"सुभेदार, दाढी करताना गाल कापला असता माझा!" शेजारी ओरडले.

"मग दोन्ही गाल सारखे दिसले असते," काका म्हणाले.

डबा उसाच्या पाण्याची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करण्यासाठी होता. चुलतभावाने तो स्वतः जोडला होता. त्यात सायरन होता तो केबलचोरांसाठी, पण चोर फिरकत नव्हते आणि सायरन रोज वाजत होता. वीज दिली की मोटर राहायची बाजूला, हाच सुरू व्हायचा.

चुलतभावाची पुण्यातल्या कंपनीची रजा सोमवारी संपत होती. काका फौजेतून निवृत्त झालेले, त्यांची अट सरळ होती. रविवारी शेतातली लाईट आल्यावर डब्याने मोटर चालवली, तर मुलाने गावात राहून असे डबे बनवायचा धंदा करावा. नाहीतर मुकाट्याने पुण्याला जावे.

"मोटर म्हनलोय मी," ते बजावत. "बँडबाजा न्हाई."

मी सांगलीच्या एका वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचे काम केले होते. चुका काढणारा माणूस म्हणून शनिवारी मला बोलावण्यात आले.

डब्यातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला वीज मिळाली की सर्वांत आधी बूटलोडर नावाचा लहानसा प्रोग्राम जागा होतो. बोर्डावर काय कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते लिहून द्यावे लागते, आणि हे लिखाण फांद्या फुटलेल्या झाडासारखे असते. एका फांदीवर मेमरी, दुसरीवर मोटरीचे बटण, तिसरीवर सायरन. प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे असतात. चुलतभावाचा बूटलोडर ते वाचून मेमरीच्या साऱ्या जागेत खुणा लिहून बघायचा, जागा धड आहे की नाही हे तपासायला.

हे आकडे कसे लिहायचे, तो नियम मी मोठ्याने वाचला. "पहिला आकडा पत्ता, म्हणजे जागा कुठे सुरू होते. दुसरा आकार, म्हणजे तिथून पुढे किती."

"कुठपर्यंत असेल," चुलतभाऊ म्हणाला.

"किती."

"दादा, चष्मा पूस."

चष्मा पुसला. तरी तिथे ‘किती’च होते.

चुलतभावाने सगळीकडे दुसऱ्या आकड्यात शेवट लिहिला होता. या घरात जमीन विहिरीपासून बाभळीपर्यंत असते, आणि बाभळीपासून ओढ्यापर्यंत. मेमरीही त्याने तशीच मांडली होती.

"बराबर लिवलंय पोरानं," काका म्हणाले. "किती सांगून काय उपेग? कुठवर ते सांगावं."

तक्रार करायला आलेले शेजारी आत येऊन चहा पीत होते. त्यांनीही मान डोलावली. "व्हय. किती म्हनलं की मानूस लय वाढवून सांगतंय."

या दोघांचे शेताच्या बांधावरून कधी पटले नव्हते. जगभरचे इंजिनिअर चुकतात, यावर मात्र त्यांचे चहा निवायच्या आत एकमत झाले.

बूटलोडर त्या सभेला नव्हता. तो शेवटाचा आकडा लांबी समजून सुरुवातीत मिळवत होता. त्यामुळे मेमरी आपली हद्द ओलांडून पार सायरनच्या जागेत जाई. तपासणीची खूण तिथे पडली की सायरन वाजे. चुलतभावाने हे काकांना समजावून सांगितले.

"म्हंजे बांध कोरला की!" काका शेजाऱ्यांकडे बघत म्हणाले.

शेजारी कप खाली ठेवून निघून गेले.

चुलतभावाने शेवटातून सुरुवात वजा केली आणि सगळे आकडे नव्याने लिहिले. रविवारी लाईट आली तेव्हा आम्ही विहिरीवर होतो. डब्यावरचा दिवा लागला. सायरन वाजला नाही. मोटरही चालली नाही. चुलतभाऊ डब्याला कान लावून उभा राहिला. काका आभाळाकडे बघू लागले.

पलीकडच्या उसातून शेजाऱ्यांचा आवाज आला. "आरं गड्या, मोबाईल दाब की! का त्यो बी मीच दाबू?"

सायरन वाजत नाही, या आनंदात चुलतभाऊ मोटर सुरू करायलाच विसरला होता. त्याने बटण दाबले. मोटर घरघरली आणि पाइपातून पाणी आले. काकांनी त्यात हात धुतले, तोंड धुतले आणि ओल्या हातानेच मुलाचा मोबाईल घेतला.

"तुझ्या सायबाला लाव."

"आवं आबा, आज रविवार हाय."

"लाव."

फोन लागला. काका ताठ उभे राहिले आणि फौजेतल्या हिंदीत बोलले, "लडका नही आयेगा. इधर ड्यूटी लगा है."

पलीकडून कोण बोलतंय असे विचारले असावे. काकांनी फक्त हुद्दा सांगितला आणि फोन बंद केला.

चुलतभावाने लगेच साहेबांना पुन्हा फोन करून माफी मागितली. मग तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसून राजीनामा लिहिला आणि पाठवण्याआधी चुका बघायला माझ्याकडे दिला.