मस्कतहून हलवलेलं बिऱ्हाड

करुणा ओहोळनं स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. दौंडला, रुळांच्या पलीकडं, गोपाळवाडीच्या रस्त्याला दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी, एवढंच ते घर. पाया खणला तेव्हा ती मस्कतच्या एका इस्पितळात ड्यूटीवर होती. स्लॅब पडला तेव्हाही तिथंच. खिडक्या किती आणि कुठल्या बाजूला, हे तिला आईनं शुक्रवारच्या सुट्टीतल्या फोनवर सांगितलं होतं. आणि आईला डावं-उजवं सांगताना नेहमी गोंधळ व्हायचा, त्यामुळं करुणाच्या मनातल्या घराला दर शुक्रवारी नवीन ठिकाणी खिडकी फुटत असे.

तिचे वडील चांगदेव, घरातले आबा, रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासायचे, खडी भरायची, रुळांखालचे स्लीपर बदलायचे, असं सगळं आयुष्य उन्हात गेलं. नोकरीत असतानाच छातीत कळ येऊन ते गेले. त्यांच्या जागी थोरला मुलगा नवनाथ लागला आणि कॉलनीतलं क्वार्टर त्याच्या नावावर झालं, म्हणून आई, भागुबाई, त्याच दारात राहिली. करुणा तेव्हा नर्सिंग संपवून शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यात लागली होती. तिथंच एक खोली भाड्यानं घेऊन राहायची आणि सुट्टीला एसटीनं दौंडला यायची. पगारातून एकेक वस्तू घेत गेली. पहिलं लोखंडी कपाट, मग दिवाण, मग आईसाठी शिलाई मशीन. या सगळ्यांत वडिलकीचा मान मात्र एका टेबलाचा होता. रेल्वेच्या लिलावात जुने लाकडी स्लीपर निघाले होते. चांगदेवांनी ते घेऊन सुताराकडून त्यांचं टेबल करून घेतलं होतं. करुणानं दहावीपासून नर्सिंगपर्यंतचा अभ्यास त्यावरच केला. ते इतकं जड होतं की झाडताना भागुबाई त्याच्याभोवतीनं झाडू फिरवायची, सरकवायच्या भानगडीत पडायची नाही.

मस्कतची नोकरी लागली तेव्हा शिरूरची खोली रिकामी करायची वेळ आली. कुठल्याही टेंपोवाल्याला विचारलं तर तो जाण्या-येण्याचं भाडं सांगायचा. मग दवाखान्यातल्या एका पेशंटनं यवतच्या पोपटरावांचं नाव सांगितलं. पोपटरावांचा टेंपो जनावरांची पेंड घेऊन शिरूरला यायचा आणि रिकामा परत जायचा. करुणा त्यांना गाठून म्हणाली, "मामा, रिकामी गाडी तशीही जाणारच हाय. वाट दौंडकडं थोडी वाकडी करा, त्या वाकड्या वाटेचं डिझेल मी देते." पोपटराव हसले आणि कबूल झाले, आणि खोलीतलं सामान दौंडच्या क्वार्टरमध्ये आलं. तेव्हापासून त्यांचा नंबर तिच्याकडं होता.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, नवनाथची बदली सोलापूरला झाली. बदली म्हणजे क्वार्टर सोडणं आलंच. त्यानं मस्कतला फोन लावला.

"आईला मी सोलापूरला घेऊन जातो. सामान काय, विकून टाकू. तिकडं क्वार्टर लहान हाय."

"आई काय म्हणती?"

"आई म्हणती, माझ्या लेकीनं घर बांधलंय, मी तिथंच जाणार."

"मग प्रश्नच मिटला. सामान तिच्याबरोबर जाईल."

"अगं, तुला तिथं बसून बोलायला काय जातंय? ते टेबल चार माणसांना हलत न्हाई. मला रुजू व्हायचंय. पुण्याच्या सामान हलवणाऱ्यांना विचारलं मी. ते जे भाडं सांगत्यात ना, त्यात एका खोलीचं प्लास्टर होतंय. भंगारवाला दारात येऊन घेऊन जाईल. तू नवं घे."

नवनाथ वाईट नव्हता. त्याच्या घरात दोन लहान लेकरं, बायको बाळंतपणाला माहेरी, आणि डोक्यावर नोकरीची नवीन जागा. करुणाला ते कळत होतं. पण तिला हेही माहीत होतं, की आपण नवं घेऊ शकणार नाही. घरानं होतं नव्हतं ते सगळं गिळलं होतं. आणि नवं घेता आलं असतं, तरी आईला कोऱ्या भिंतींच्या मध्ये एकटीला बसवायची तिची तयारी नव्हती.

"दादा, तू रुजू हो," ती म्हणाली. "क्वार्टरची चावी आईकडं ठेव. सामान मी हलवते."

"मस्कतहून?"

"व्हय. मस्कतहून."

तिला सुट्टी शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी रस्त्यावरच्या फोनपाशी उभं राहून, कार्ड घालून, तिनं पोपटरावांना गाठलं. टेंपो आता कुरकुंभच्या कारखान्यांत माल पोचवत होता आणि यवतला रिकामा परतत होता. दौंड वाटेवरच म्हणायचं. दिवस ठरला तोही शुक्रवारच, म्हणजे तिला फोनवर राहता येईल. मग शेजारच्या सिंधूबाईंच्या घरी फोन करून तिनं आईला बोलावून घेतलं. भांडी गोधडीत बांध, कपाटाचे कप्पे रिकामे कर पण कपडे त्याच क्रमानं गाठोड्यात ठेव, मशीनची सुई काढून घे. भागुबाई 'बरं, बरं' म्हणत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, मी काय पयल्यांदा बिऱ्हाड हलवतीय व्हय? तुझा बाप गँगवर तंबूत ऱ्हायचा तवा मी म्हैन्याला हलवायची."

ठरलेल्या शुक्रवारी करुणानं फोन लावला तो सिंधूबाईंनी उचलला.

"अगं करुणा, सगळा घोळ झालाय बघ. मोरी बंद हाय!"

दौंडमध्ये रुळांच्या अलीकडून पलीकडं गाडी न्यायची तर रुळांखालच्या बुटक्या मोरीतूनच न्यावी लागते. त्या मोरीत उसानं भरलेली ट्रॉली कलंडून आडवी झाली होती. दोन्ही अंगांना वाहनांची रांग लागली होती. पोपटरावांचा टेंपो पलीकडं अडकला होता. गोपाळवाडीकडं म्हणजे घराकडंच, पण सामान होतं अलीकडं, कॉलनीत. आणि नवनाथच्या जागी आलेला माणूस बायको-लेकरांसह, ट्रंका घेऊन क्वार्टरच्या दारात येऊन बसलेला. भला माणूस होता. काही बोलत नव्हता, पण त्याचं लहान पोरगं भागुबाईच्या गाठोड्यावरच झोपलं होतं.

पोपटराव पादचारी पुलावरून चालत निरोप द्यायला आले होते. करुणानं त्यांना फोनवर बोलावलं.

"ताई, ट्रॉली कवा निघंल सांगता येत न्हाई. अन् उद्या माझी गाडी पुण्याच्या मार्केटला लागलीय. आज झालं तर झालं."

"मामा, गाडी पलीकडच्या जिन्याच्या पायथ्याशी लागंल?"

"लागंल की. पर सामान पुलावरून आणणार कोण? हमालांनी तर आत्ताच तोंड फाडलंय. मोरी बंद झाली की त्येंचं सोनं व्हतंय."

करुणानं डोळे मिटले. तो पूल तिला पाठ होता. शाळेला त्यावरूनच जायची. जिना रुंद, वळणावर मोकळी जागा, वर कठडा कमरेच्या वर. माणसं असली तर कपाट जाईल. माणसं पाहिजेत, आणि वजन उचलायची सवय असलेली पाहिजेत.

"आईला द्या फोन." आई आल्यावर ती म्हणाली, "आई, मल्हारीमामाला बोलव. आबांची गँग हाय ना अजून?"

मल्हारी म्हणजे चांगदेवांचा जोडीदार. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच रुळाची दोन टोकं उचलली होती. आता तो गँगचा मुकादम होता.

"न्हाई," भागुबाई म्हणाली. "तुझा बाप गेल्यापासनं मी कुणाच्या दारात गेले न्हाई. तुम्हाला वाढवलं, पर कुणाम्होरं हात पसरला न्हाई. आज टेबलासाठी पसरू व्हय?"

"आई, आबा गेले तवा मामा आपल्या दारात दहा दिस बसून होता. तू त्याला एकदा तरी काही काम सांगितलंस का? माणसाला वाईट वाटत असंल, की वैनी मला परका समजती."

"तुला काय ठाऊक?"

"तू जाऊ नको. सिंधूमावशींना पाठव. त्याला फोनवर आण, मी बोलते—"

आणि कार्ड संपलं.

करुणा वळली. शुक्रवारच्या नमाजाची वेळ. सगळी दुकानं बंद. कार्ड मिळणार कुठं? ती एका दुकानाच्या बंद दारापाशी गेली, दुसऱ्याच्या गेली, उन्हात पुन्हा फोनपाशी आली. मागं रांगेत एक बिहारी गवंडी उभा होता. मघापासून त्यानं सगळं ऐकलं होतं. मराठी कळलं नसावं, पण आवाज कळला असावा.

"घर में कोई बीमार है क्या, बहनजी?"

"नहीं भैया. सामान फँसा है. माँ अकेली है."

त्यानं खिशातून स्वतःचं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. "मेरा तो रोज का हाल-चाल है. आप कर लीजिए." पुढच्या शुक्रवारी ती नवं कार्ड घेऊन त्याच्यासाठी तिथं उभी राहिली होती, पण तो परत दिसला नाही.

फोन पुन्हा लागला तेव्हा पलीकडं मल्हारीच होता. सिंधूबाईंनी पोरांना पिटाळून त्याला रुळावरून आणला होता.

"मामा, मी करुणा."

"वळखला की आवाज. बोल."

तिनं सगळं सांगितलं. भाऊ सोलापूरला, मोरी बंद, गाडी पलीकडं, नवं कुटुंब दारात. शेवटी म्हणाली, "मामा, मी तिथं असते तर तुमच्या दारात आले असते. इथून फक्त बोलता येतंय."

मल्हारी म्हणाला, "पोरी, ड्यूटी सुटायला थोडा येळ हाय. सुटली की गँग घिऊन येतो. आन् तुझ्या आईला सांग, तवर चहा टाक म्हणावं. लई वर्सं झाली तिच्या हातचा चहा पिऊन."

ड्यूटी सुटली तशी गँग आली. जाड दोर, बांबू, डोक्यावर गुंडाळलेले टॉवेल. भागुबाईनं चहा केला, तो शेवटचा त्या चुलीवरचा. कपाट दोरानं बांबूला बांधलं, चौघांनी खांदा दिला आणि मल्हारी पुढं होऊन ओरडला, "घ्या रं खांदा!"

"हैय्या!"

"चांगदेवाच्या घरचं!"

"हैय्या!"

"जपून रं पाय!"

"हैय्या!"

रूळ उचलताना जो ठेका धरतात त्याच ठेक्यात कपाट जिना चढलं. पुलावरचे लोक कठड्याला चिकटून उभे राहिले. खालून मालगाडी गेली तेव्हा सगळे वळणावर थांबले, बांबू खांद्यावरच ठेवून. टेबलाला हात घातला तेव्हा एक तरणा गँगमन म्हणाला, "मुकादम, हे काय लोखंडाचं हाय का?" मल्हारी म्हणाला, "स्लीपर हाय त्यो. नीट धर." उतरताना कपाटाचा आरसा कठड्याला लागून तडकला. गाठोडी कॉलनीतल्या बायांनी डोक्यावर घेतली. सिंधूबाई मशीनचं पायडल घेऊन गेल्या. नव्या बिऱ्हाडाचा तो माणूसही दोन खेपा करून आला. आणि भागुबाई बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर छातीशी धरून सगळ्यांच्या पुढं चालत होती, एकदाही मागं न वळता.

पलीकडच्या पायथ्याशी पोपटराव टेंपोचा मागचा फाळका उघडून उभे होते.

मस्कतला करुणा संध्याकाळी, दुकानं उघडल्यावर कार्ड घेऊन, पुन्हा फोनपाशी आली. सिंधूबाईंकडं कुणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा नुसती घंटी. तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. जिन्यावरून कुणी घसरलं असेल, आईला काही झालं असेल. ती हलली नाही. मागच्या माणसांना पुढं जाऊ देत राहिली आणि पुन्हा पुन्हा लावत राहिली. अखेर उचलला तो भागुबाईनंच. नव्या बिऱ्हाडाला चावी द्यायला परत आली होती, तिनं घंटी ऐकली.

"कुणी उचलत का नव्हतं?"

"कोण उचलंल? सगळी कॉलनी माझं सामान वाहत व्हती."

"पोचलं सगळं?"

"पोचलं. आरसा तडकला. मल्हारीभावजी लई हळहळले. मी म्हटलं, त्यात माझं तोंड अजून दिसतंय, असू द्या." मग म्हणाली, "करुणा, पैसं घेईनात गं ती मान्सं. मी म्हटलं, मग रविवारी जेवायला या. येणार हायेत."

नवनाथ रविवारी सोलापूरहून आला. गँगबरोबर पंगतीला बसला, मग खाली मान घालून सगळ्यांना वाढत राहिला. निघताना मोजमाप घेऊन गेला आणि पुढच्या खेपेला कपाटाला नवा आरसा बसवून दिला. फोनवर बहिणीला एवढंच म्हणाला, "तू केलंस ते मला जमलं नसतं."

करुणाला सुट्टी मिळाली ती त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या तोंडावर. पॅसेंजरनं दौंडला उतरली, बॅगा घेऊन पूल ओलांडला आणि पायथ्याशी थांबली. पुढचा रस्ता तिला माहीत नव्हता. रिक्षावाल्याला म्हणाली, "ओहोळांकडं जायचंय. गोपाळवाडी रोड. नवं घर हाय."

"कोण ओहोळ? ज्येंचं कपाट पुलावरनं नेलं ते?"

"व्हय," ती म्हणाली. "तेच."

भागुबाई ओट्यावर उभीच होती. करुणा आत गेली. पहिल्यांदा खिडक्या पाहिल्या. दोन होत्या, आणि तिला वाटत होतं त्यापेक्षा वेगळ्याच भिंतींना. मग तिचं लक्ष सामानाकडं गेलं. आईनं सगळं जसं क्वार्टरमध्ये होतं तसंच मांडलं होतं. एका खिडकीचं अर्धं दार कपाटामागं गेलं होतं, दिवाण भलत्याच कोपऱ्यात.

करुणानं पर्स ठेवली, ओढणी कमरेला बांधली.

"आई, इकडून धर."

"आत्ता? अगं, पाणी तरी पी!"

"आधी उजेड येऊ दे घरात," करुणा म्हणाली आणि कपाटाला खांदा लावला.