गव्हर्नरसाहेबांचे कोलाचे

लिपनिकच्या तेता व्लास्तानं आयुष्यात एकदाच वाईट कोलाचे भाजले, आणि तेही ठरवून, थंड डोक्यानं. तेता म्हणजे मावशी. सख्खं भाचरू तिला एकही नाही, पण नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात चेक आडनावाचं जे पोर जन्मलं त्याला पहिले दात आले ते तिच्या हातचा कोलाचा चघळूनच, त्यामुळं ती सगळ्या गावाची तेता. कोलाचा म्हणजे तळहाताएवढा लुसलुशीत पाव, मधे बोटानं दाबून केलेला खळगा आणि त्यात सारण. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा, मग बोला.

गावाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. लिपनिकनं खापरपणजोबापासून एकाच पक्षाला मत दिलंय. त्या पक्षानं उद्या गोठ्यातलं खोंड उभं केलं तरी गाव म्हणेल, "खोंड आहे, पण आपलं आहे." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! गव्हर्नर होल्टग्रेन हा आपला बाब्या. गेल्या चार वर्षांत त्यानं काय केलं असं विचारलंत तर लोक टोपी काढून डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "त्या बाईपेक्षा बरंच केलं की!" ती बाई म्हणजे विरोधात उभी राहिलेली पेडरसनबाई. तिला अजून काही करायची संधीच मिळाली नव्हती, पण हा मुद्दा लिपनिकमध्ये काढायचा नसतो.

त्या वर्षी लढत अटीतटीची होती. पेपरवाले रोज नवा अंदाज छापत, आज हा पुढं, उद्या ती पुढं. राजधानीतल्या शहाण्यांनी ऐन जेवणाच्या वेळी फोन करकरून लोकांना वात आणला होता. लिपनिकला असल्या फोनांची गरज नव्हती. संत वेन्सेस्लसच्या जत्रेत चर्चच्या अंगणात दोन टेबलं मांडायची, एकावर आलुबुखाराच्या सारणाचे कोलाचे, दुसऱ्यावर खसखशीचे. कुठलं सारण कुठल्या उमेदवाराचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. ज्याचे ट्रे आधी संपले तो निवडून आला. मग जत्रा समितीचा रेमंड झाब्का दोन पोल्का नाचांच्या मधे माईकवरून निकाल पुकारायचा. कोलाच्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता, म्हणून राजधानीतले पेपरवालेही हसत हसत का होईना, तो छापायचेच.

दोन्ही सारणं व्लास्ताच शिजवायची, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात, दाराला कडी लावून. "उमेदवार कसाही असू दे, सारणात दगाफटका नाही," असं तिचं म्हणणं. एका टेबलावर साखर जास्त पडली असं कुणी म्हणालं असतं, तर तिनं त्याचं तोंड लाटण्यानं शेकलं असतं.

मग पूल बंद झाला.

लिपनिकच्या वेशीवर नदी आहे आणि नदीवर जुना लोखंडी पूल. एके दिवशी सरकारी माणसं आली, पुलाच्या खाली वाकून बघितलं, माना हलवल्या आणि दोन्ही टोकांना आडवे खांब टाकून निघून गेली. पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात व्लास्ताची थोरली बहीण लिबी होती. पूल होता तोवर व्लास्ता रोज दुपारी दहा मिनिटांत तिच्या खाटेशी हजर. आता हायवेनं वळसा घालून पाऊण तास, त्यात धान्याचे ट्रक अंगावर येणार. आणि व्लास्ताचे डोळे गेले होते कामातून. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "बाई, गावातल्या गावात चालवा. बर्फ पडायला लागल्यावर हायवेवर दिसलात तर मीच पोलिसांना फोन करीन." लिबीचं हृदय आधीच कुरकुरत होतं. पुढचा वसंत ती बघेल याची खात्री कुणी देत नव्हतं. म्हणजे हिशेब उघड होता. पूल झाला नाही, तर बहिणी-बहिणींची ही शेवटचीच पानगळ.

व्लास्तानं गव्हर्नरच्या कचेरीत फोन केला. एक गोड आवाज म्हणाला, "अभ्यास चालू आहे." महिन्यानं परत केला. अभ्यास चालूच होता. एवढा अभ्यास केला असता तर गाढवसुद्धा डॉक्टर झालं असतं! आणि वरच्या अंगाचा जिल्हा, जो कायम कुंपणावर बसलेला, कधी इकडं तर कधी तिकडं, तिथं मात्र बदकाचे पाय भिजत नाहीत अशा ओढ्यावर कोरा करकरीत पूल उभा राहिला, फीत कापून, बँड लावून.

"खिशातल्या रुमालाला कोण विचारतंय?" व्लास्ता पीठ मळता मळता स्वतःशीच म्हणाली. "पडायला आला, की मग चाचपतात."

आणि तिथं तिच्या डोक्यात ते पाप शिरलं. यंदा चिठ्ठीत गव्हर्नरला आलुबुखार आला होता. जत्रेला तो स्वतः येणार होता. त्याच्या डोळ्यांदेखत लिपनिकमध्ये, त्याच्या बालेकिल्ल्यात, त्याचे ट्रे भरलेले राहिले तर? घाबरेल मेला. पूल बांधेल.

आदल्या दिवशी ती फादरकडे कबुलीजबाबाला गेली. "फादर, रांधताना मुद्दाम वाईट करणं पाप आहे का?"

"कुणाचं पोट बिघडेल?"

"पोट नाही. फक्त तोंड."

फादरनं जाळीआड विचार केला. "मग ते पाप नाही, तो संसार आहे."

दाराला कडी लावून व्लास्तानं खसखशीचं सारण केलं ते असं, की देवदूतानं पंख विकून घ्यावं. दूध, मध, लोणी, लिंबाची साल, कशात म्हणून हात आखडला नाही. मग आलुबुखाराकडं वळली. साखर घातलीच नाही. मूठभर मीठ टाकलं. काकडीच्या लोणच्याच्या बरणीतलं व्हिनेगर ओतलं. चाटून बघितलं आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. अर्धं व्हिनेगरनं, अर्धं लाजेनं. आजीनं चेक देशातून बोटीनं आणलेली कृती, आणि तिची ही दशा! "आजी, तू तिकडं तोंड कर," असं म्हणून तिनं ट्रे भट्टीत सरकवले.

जत्रेच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. ॲकॉर्डियन सुरू झालं आणि लोक टेबलांकडं सरकले. पहिला आला रेमंड झाब्का. त्यानं गव्हर्नरचा कोलाचा उचलला, चावला आणि थांबला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. व्लास्ता वाटच बघत होती. आता ओरडेल, आता थुंकेल.

रेमंडनं घास गिळला. "यंदा जरा कणखर झालेत," तो म्हणाला. "गव्हर्नरसाहेबांसारखे." आणि दुसरा उचलला!

त्याच्या मागोमाग सगळं गाव. लोक चावत होते, डोळे पुसत होते, बिअरच्या घोटाबरोबर ढकलत होते आणि परत रांगेत उभे राहत होते. "नवी पद्धत का तेता? छान आहे," एक शेतकरी नाक ओढत म्हणाला. एका बाईनं पोराला दटावलं, "खा मुकाट्यानं! तुला काय ती बाई निवडून आणायचीय?" खसखशीच्या टेबलावरून मध-लोण्याचा घमघमाट सुटला होता. माणसं तिकडं वास घ्यायला जायची, आणि शेजाऱ्यानं बघितलं की घड्याळ बघितल्यासारखं करून परतायची. व्लास्ता पदराआड, म्हणजे आपल्या ॲप्रनआड, मुठी आवळून उभी. अरे, जिभा आहेत की चपलांचे तळवे?

गव्हर्नर आला. गोरापान, उंच, नव्या कोऱ्या शेतकरी बुटांत. कॅमेरे सरसावले. त्यानं कोलाचा उचलला आणि भलामोठा घास घेतला. व्लास्ता त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. पापणी हलली नाही. हसू जागचं ढळलं नाही. अख्खा कोलाचा त्यानं पोटात घातला, बोटं चाटली आणि म्हणाला, "अप्रतिम! अगदी माझ्या आईच्या हातचे!"

हा माणूस निवडून येणार, हे व्लास्ताला त्याच क्षणी कळून चुकलं.

तरी ती पुढं झाली. "साहेब, आमचा पूल..."

"पूल! हो, हो." त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "अभ्यास चालू आहे." त्याच्या माणसानं दोन्ही टेबलांवर नजर टाकली, गव्हर्नरचे रिकामे ट्रे बघितले, खसखशीचे भरलेले बघितले, आणि साहेबांच्या कानाशी लागला, "इथं काळजी नाही. कुंपणवाल्या जिल्ह्यात जाऊ या." गाडी धूळ उडवत गेली. वाटाण्याच्या अक्षता लावायलासुद्धा त्यांना पुरता वेळ नव्हता.

रेमंडनं माईकवरून निकाल पुकारला. टाळ्या झाल्या, टोप्या उडाल्या. आणि निकाल एकदा लागल्यावर सगळं गाव खसखशीच्या टेबलावर असं तुटून पडलं की पुढचा पोल्का संपायच्या आत ट्रेमध्ये तीळभर चुरा उरला नाही. सगळ्यांत पुढं फादर होते.

त्या आठवड्यात व्लास्ता हायवेनं लिबीकडं गेली, ट्रकवाल्यांचे भोंगे आणि शिव्या खात, उजव्या बाजूची पांढरी रेघ धरून. लिबी उशीला टेकून बसली होती, गालांची हाडं वर आलेली.

"आलीस? मला वाटलं विसरलीस."

"विसरते कशी? हे घे." व्लास्तानं डबा उघडला. फ्रीझरमध्ये राखून ठेवलेले थोडे खसखशीचे होते. तळाशी त्यांच्याबरोबर चुकून आलेला गव्हर्नरचा एक होता.

लिबीनं खसखशीचे बाजूला सारले आणि नेमका तोच उचलला. "मी आपल्या माणसाचा खाणार." चावली. चावायची थांबली. डोळे बारीक करून तिनं धाकट्या बहिणीकडं बघितलं. "व्लास्ता, ह्यात व्हिनेगर आहे."

"आहे."

"आणि मीठ."

"आहे."

"अख्ख्या गावानं हे खाल्लं?"

"बोटं चाटून."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"ब्रसुद्धा काढला नाही."

"लबाड मेले!" लिबीनं घास रुमालात थुंकला आणि हसायला लागली, इतकी की खोकला आला. व्लास्तानं पाणी दिलं, पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागत होती. मग व्लास्तालाही हसू फुटलं आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले. जिल्हाभरात एक माणूस खरं बोलला होता, आणि तोच तिच्यापासून पाऊण तास लांब होता.

"अगं, तुझ्याकडं यायला पूल हवा म्हणून केलं हे सगळं," ती म्हणाली.

"कळलं मला, वेडे." लिबीनं उशीखालून एक पाकीट काढलं. टपालानं आलेली मतपत्रिका, गव्हर्नरच्या नावापुढचं वर्तुळ ठळक काळं करून, सही ठोकून, बंद केलेली. "हे कोर्टासमोरच्या मतपेटीत टाक. इथल्या पोरीच्या हातात देणार नाही मी, तिच्या गाडीवर पेडरसनबाईचा स्टिकर आहे. माझा तुझ्यावर भरवसा."

"लिबे, पूल त्यानंच बंद ठेवलाय!"

"मग उघडायलाही तोच लागेल ना?" लिबी म्हणाली. "पुढच्या खेपेला साखर घालून आण. कधी येशील?"

व्लास्तानं लिबीचे केस कानामागं सारले, डबा उशाशी ठेवला आणि निघाली.

परतताना ती मुद्दाम पुलाच्या पलीकडच्या टोकाशी थांबली. आडव्या खांबापलीकडं तिच्या चर्चचा मनोरा दिसत होता, हात लांबवला तर लागेल एवढ्या जवळ. खाली पाणी चाललं होतं. स्वतःचं मत तिनं कालच टपालात टाकलं होतं, जन्मात पहिल्यांदा पेडरसनबाईला. हे पाकीट पेटीत पडलं की ते मत गेलं पाण्यात. पाकीट पाण्यात पडलं, तर बघायला पाखरूही नव्हतं.

तिनं पाकीट खिशात खोल सारलं. मग गाडीत बसली, कोर्टापाशी गेली आणि पाकीट पेटीत टाकलं. टाकण्याआधी पाकिटाचं तोंड नीट चिकटलंय ना, हे तिनं दोनदा दाबून बघितलं. स्वतःच्या पाकिटाचं एकदाच बघितलं होतं.