डाव्या सीटवरची मांडी

मला मुंबईत उभं केलं ते आमच्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या बऱ्याच लकबी सांगणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायचं, हा म्हाताऱ्या माणसाची टिंगल करतोय. तसं नाही. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आज जे कोणी वेळेवर ब्रेक मारतात, त्यातले निम्मे तरी मास्तरांच्या हाताखालून गेलेले आहेत, आणि जे मारत नाहीत तेही गेले असते तर काही घरांतली माणसं आज घरात असती, असं माझं प्रामाणिक मत आहे. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाच्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

शाळा सुटली ती वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा. ते कणकवलीकडे गावी परत आले आणि मी उलट दिशेने निघालो. मरोळच्या एका गॅरेजात गाड्यांखाली उताणा पडून सात वर्षं काढली आणि तेविसाव्या वर्षी मुलुंडच्या या स्कूलमध्ये शिकवायला शिकू लागलो. गाडी चालवणं वेगळं आणि दुसऱ्याला चालवायला शिकवणं वेगळं, हे मला तिथे कळलं. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुझ्या हाताखालचं पहिलं माणूस आरटीओच्या टेस्टला पास झालं तर तू कायम, नाही तर गावची एसटी पकड. गावी जाऊन मी काय करणार होतो? वडील दिवसभर पडवीत बसून होतेच. त्यांच्या शेजारी आणखी एक बसला असता, एवढंच.

मास्तर तेव्हा साठीला आलेले. अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि चेहरा असा की आत्ताच कुणाला तरी पोचवून आलेत. मोटार कायद्याचं पुस्तक त्यांनी ब्राउन पेपरचं कव्हर घालून डिकीत स्टेपनीवर ठेवलेलं असायचं. म्हणायचे, "दोन्ही अडचणीतच लागतात." पुस्तकाची तशी गरज नव्हती, कारण कुठली कलमं कुठल्या पानावर, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. भर दिवसा पंचवीस यार्डांवरून मोटारीचा नंबर वाचता आला पाहिजे, हा त्यांचा सगळ्यात लाडका नियम. पंचवीस यार्ड म्हणजे मास्तरांची मोजून सत्तावीस पावलं. दुधाच्या रांगेत पुढचा माणूस ओळखीचा निघाला की त्याच्या खांद्याला धरून त्याला कडेला घ्यायचे आणि समोरच्या टॅक्सीचा नंबर वाचायला लावायचे. एकदा शेजारच्या मुलीला बघायला स्थळ आलं होतं. मुलाला पोहे मिळायच्या आत मास्तरांनी त्याला गॅलरीत नेऊन खाली उभ्या असलेल्या टेम्पोचा नंबर विचारला. बिचाऱ्याने सहाचा आठ वाचला. आत येऊन मास्तरांनी मुलीच्या वडिलांना गंभीरपणे कळवलं की मुलगा सालस आहे, पण चष्मा लागेल. लग्न झालं, आणि दोन महिन्यांत जावयाला चष्माही लागला. मुलीचे वडील मास्तरांशी वर्षभर बोलले नाहीत.

हाताच्या खुणांचंही तसंच. गाडीतून उजवा हात बाहेर काढून करायच्या खुणा मास्तर पायी चालतानाही करायचे. चाळीच्या गॅलरीत वळताना हात बाहेर, रेशनच्या रांगेत थांबताना हात वर. आमच्या चाळीतले एक आजोबा गेले तेव्हा मास्तर तिरडीच्या पुढे चालत होते. नाक्यावर आल्यावर सवयीने त्यांनी थांबण्याची खूण केली आणि खांदेकरी चौघेही जागच्या जागी थांबले. मागून येणारी बसही थांबली. मास्तरांनी उजवी-डावीकडे नीट पाहिलं, हात आडवा केला, मग सगळे वळले. कुणीही हसलं नाही. आजोबांचा मुलगा नंतर एवढंच म्हणाला की बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नीट रस्ता करून दिला.

पण मास्तरांची खरी तऱ्हा म्हणजे त्यांची मांडी. स्कूलच्या गाडीत शिकवणारा डाव्या सीटवर बसतो आणि त्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, हे बहुतेकांना माहीत असेल. शिकणाऱ्याचं चुकलं तर तो दाबायचा. मास्तर मात्र चपला काढून डिकीत ठेवायचे आणि डाव्या सीटवर सत्यनारायणाला बसावं तशी मांडी घालून बसायचे. शिकणारा एकदा त्या मांडीकडे बघायचा आणि एकदा रस्त्याकडे. माझ्या माहितीत त्यांनी ती मांडी दोनदाच मोडली, एकदा पाचरस्त्याला म्हैस आडवी आली तेव्हा आणि एकदा खाली पडलेलं पेन उचलायला. मी विचारलं तर म्हणाले, "दया आली की पाय पुढे जातो रे. म्हणून पाय अंगाखाली घालून ठेवायचे." तेव्हा मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं.

दुसरं खूळ त्याहून मोठं. एखादा अधू माणूस शिकायला येणार असला की आदला अख्खा दिवस मास्तर त्याच्यासारखे राहायचे. एका कानाने कमी ऐकणारा दुकानदार येणार होता तेव्हा यांनी कानात कापूस कोंबला, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दुपारी जेवायला हाक मारली ती यांना सांजवेळी ऐकू आली. डावा हात अधू असलेला एक कारकून येणार म्हणून काकूंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने डावा हात छातीशी बांधून घेतला आणि एका हाताने धोतराशी झगडत बसले. चाळीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं की या माणसाला महिन्याला एक अपघात होतो, आणि असला माणूस गाडी काय शिकवणार. कुणी 'बिचारा अपंग' म्हणालं की मास्तर शांतपणे सांगायचे, "बिचारा हा शब्द कायद्यात कुठेही नाही. गाडी हातात ठेवता येते का आणि वेळेवर थांबवता येते का, एवढंच बघायचं."

माझ्या वाट्याला पहिल्या आल्या त्या नाहूरच्या एक शिक्षिका. चाळिशीच्या, डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, पायात लोखंडी कॅलिपर. बसचा कंडक्टर त्यांचा पाय पायरीवर पडायच्या आत घंटी मारायचा, त्यामुळे चौदा वर्षं त्या शाळेत रिक्षाने जात होत्या. वडिलांची जुनी फियाट बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी होती. मास्तरांनी माझ्या जुन्या गॅरेजातल्या, मरोळच्या मेकॅनिककडून स्कूलच्या गाडीत गिअरच्या दांड्याला सायकलच्या ब्रेकसारखी एक कांडी बसवून घेतली. ती डाव्या हाताने आवळली की क्लच दाबला जायचा. बाईंचा उजवा पाय धड होता, तो ब्रेक आणि ॲक्सिलरेटरला. सगळी सोय झाली, आणि मास्तरांनी बाई माझ्या स्वाधीन केल्या. मला मांडी घालायला सांगितलं होतं. मी दोन दिवस घातली. तिसऱ्या दिवशी बाईंची बोटं त्या कांडीवर पांढरी पडलेली पाहिली आणि माझा पाय खाली गेला.

सहा आठवडे गाडी लोण्यासारखी चालली. बाईंची कांडी अर्धवट आवळली जायची आणि उरलेला क्लच मी माझ्या पायाने दाबायचो. अगदी एवढासा. बाई खूश होऊन विचारायच्या, "जमतंय ना रे मला?" आणि मी म्हणायचो, झकास बाई. मला वाटायचं, मी पुण्य करतोय. खोटं कशाला बोलू, मला एसटीचीही भीती होती.

टेस्टच्या दिवशी डाव्या सीटवर इन्स्पेक्टर बसले आणि मी फूटपाथवर उभा राहिलो. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची होती. पहिल्यांदा धक्का खाऊन बंद पडली, दुसऱ्यांदा मागे घसरली, तिसऱ्यांदा पुन्हा बंद पडली. "कशाला हे उपद्व्याप, बाई?" असं म्हणत इन्स्पेक्टरांनी मान वर न करता कागदावर नापास लिहिलं. बाईंनी दोन्ही हातांनी कॅलिपर उचलून पाय बाहेर ठेवला आणि मला म्हणाल्या, "माझंच चुकलं रे. तू तर किती छान शिकवलंस."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर सगळंच संपलं असतं.

संध्याकाळी मास्तरांनी गाडीचं डावं दार उघडलं, वाकून आत पाहिलं आणि मला हाक मारली. माझ्या बाजूच्या क्लचचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं. मास्तर रागावले नाहीत. पुस्तकातलं कलम सांगावं तसं म्हणाले, "बाई नापास नाही झाल्या. त्यांनी अजून गाडी चालवलेलीच नाही. उद्या जाऊन त्यांना सांग. मालकांचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी नाहूरला त्यांच्या घरी गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीतून खाली, त्या ताडपत्रीकडे पाहिलं.

"म्हणजे सहा आठवडे मी नुसती बसले होते?"

"हो, बाई."

"मला सगळे आयुष्यभर असंच नेत आलेत," त्या म्हणाल्या. "गाडीत तरी मी एकटी आहे असं वाटलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता खरं शिकव."

मास्तर मालकांशी काय बोलले ते मला नंतर हिशेबनिसाकडून कळलं. ते म्हणाले होते, पोरावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं, मी त्याच्या गाडीत एकदाही डोकावलो नाही. त्याला काढायचं तर दोन नावं काढा. मालक चिडले, पण त्यांनी बाईंच्या पुढच्या टेस्टपर्यंत मुदत दिली.

मग रविवार सुरू झाले. त्या दिवसांत रविवारी सकाळी सगळी मुंबई टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेपुढे हात जोडून बसायची आणि मरोळच्या कारखान्यांमधले रस्ते ओस पडायचे. पहिल्या रविवारी मास्तरांनी बाईंना मागे बसवलं, मला उजव्या सीटवर बसवलं आणि स्वतःच्या मफलरने माझा डावा पाय सीटला बांधला. कांडीवर गाडी चालव म्हणाले. सात वर्षं गॅरेजात काढलेला मी, माझी गाडी बेडकासारख्या उड्या मारायला लागली. तासाभराने माझी बोटं आखडली. मागून बाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाल्या, "जमतंय ना रे तुला?"

त्यानंतर पाच रविवार आणि मधले सगळे दिवस मी डाव्या सीटवर मांडी घालून बसलो. गाडी शंभरदा बंद पडली. दोनदा कुंपणाला लागली. माझ्या मांडीला मुंग्या यायच्या, पण पाय खाली गेला नाही. कांडी किती आवळली की गाडीचा आवाज बदलतो, हे बाईंना हळूहळू स्वतःच ऐकू यायला लागलं. दुसऱ्या टेस्टला तोच चढ होता. मी फूटपाथवर डावा पाय इतका दाबून उभा होतो की चपलेचा अंगठा तुटला. गाडी थांबली, क्षणभर थरथरली आणि सरळ वर गेली. वर पोचल्यावर बाईंनी खिडकीतून हात काढून वळण्याची खूण केली, अगदी मास्तरांसारखी, कोपर ताठ. मास्तर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी शाबासकी दिली नाही. एवढंच म्हणाले, "चांभार स्टेशनच्या बाहेर बसतो."

मी कायम झालो. ती कांडी बाईंच्या फियाटला बसली. पुढे नवा मोटार कायदा आला, यार्डांचे मीटर झाले, आणि मास्तर पंचवीस मीटरचं नवं पाऊल बसवायला सकाळी मैदानावर जायला लागले. नव्या पुस्तकाला कव्हर घालायचं राहिलं होतं. त्याच आठवड्यात गॅलरीत वळताना त्यांनी उजवा हात बाहेर काढला आणि ते डाव्या अंगावर पडले. अर्धांगाचा झटका होता. डावा हात आणि डावा पाय पुन्हा उचलला गेला नाही.

हॉस्पिटलमधून आल्यावर पहिलं काम त्यांनी मला सांगितलं ते आरटीओला पत्र लिहायचं. प्रकृती बदलली की लायसन्सवाल्याने आपण होऊन कळवावं, असं त्यांचं म्हणणं. शब्द नीट फुटत नव्हते, पण कलम बरोबर सांगितलं. नववीतल्या अक्षरात मी लिहिलं, त्यांनी सही केली आणि मी लायसन्स घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने ते दोनदा उलटून पाहिलं. म्हणाला, हरवलं म्हणून येतात, परत करायला कुणी येत नाही, याला फॉर्म कुठला लावू?

आता आठवड्यातून दोनदा बाई त्यांना आपल्या फियाटमधून व्यायामाला घेऊन जातात. मास्तर डाव्या सीटवर बसतात. डावा पाय वळत नाही, त्यामुळे मांडी घालता येत नाही. मी मागे बसतो, म्हणून मला दिसतं की सिग्नल आला की त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जातो. बाईंनाही दिसतं. रविवारी मी त्यांना नवा कायदा वाचून दाखवतो. मी अडखळलो की ते उजव्या हाताने थांबण्याची खूण करतात आणि मी ओळ पुन्हा वाचतो.

मरोळच्या मेकॅनिकला मी विचारून ठेवलंय, क्लच आणि गिअर दोन्ही उजव्या हाताला आणता येतील का. तो चार महिने विचार करतोय. डॉक्टर मान हलवतात, ती होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळत नाही. पण नव्या पुस्तकात पुन्हा टेस्ट देऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही. मी सगळं वाचलंय, दोनदा. कधीतरी एका रविवारी मी मास्तरांना त्या मोकळ्या रस्त्यावर नेईन आणि उजव्या सीटवर बसवीन. गाडी बंद पडेल, कुंपणाला लागेल, लागू दे. चपला डिकीत ठेवून मी त्यांच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसेन, आणि कितीही जीव तुटला तरी माझा पाय खाली जाणार नाही.