ताईसाठी शांत केलेली गाडी

आमचे भाऊजी पुस्तकं बांधतात. उसवलेली, कोपरे दुमडलेली, पाठ मोडलेली पुस्तकं शिवून, पुठ्ठा चढवून पुन्हा उभी करतात. हाताने कुशल, पण तोंडाने महाबिलंदर माणूस. नको तो विषय निघाला की असे काही सटकतात की विचारू नका. आणि नको तो विषय एकच. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, दूरच्या देशात एका इस्पितळात नर्स आहे. वर्षातून एकदा येते, आणि घराला तिची सवय होते न होते तोच परत जाते.

घर दोन खोल्यांचं. पुढे पुस्तकं दाबायचा शिकंजा, कागद कापायचं यंत्र आणि खळीचं पातेलं, मागे संसार, मध्ये एक पडदा. गिऱ्हाइकांची ये-जा दिवसभर, आणि पडद्यातून इकडचं तिकडे सगळं ऐकू जातं. त्यामुळे नवरा-बायकोला मनातलं बोलायला जागा उरली ती मागच्या बोळात उभ्या असलेल्या त्यांच्या जुन्या छोट्या लाल गाडीत.

पण त्या गाडीचा सायलेन्सर गंजून त्याची पार चाळण झाली होती. इंजिन सुरू केलं की बोळातल्या काचा थरथरायच्या. विमानतळावरून येताना ताई दर वेळी म्हणायची, "अहो, मला जरा बोलायचंय." भाऊजी कानाला हात लावून म्हणायचे, "काय? ऐकू नाही आलं. सायलेन्सरचा आवाज फार आहे!" ती "अजून एक वर्ष राहते" असं म्हणेल, याची त्यांनी धास्ती घेतली होती. ताई मग खिडकीबाहेर बघत बसायची. मी मागच्या सीटवर. मला सगळं ऐकू यायचं, पण मेव्हणीने मध्ये तोंड घालू नये असं माझं मत आहे. ते मी क्वचितच पाळते, इथे मात्र पाळलं.

यंदा ताईने फोनवर बजावलं, "या खेपेला गाडी शांत करून ठेवा. मला नीट बोलायचंय, ओरडून नाही."

भाऊजींनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मलाच लाजल्यासारखं झालं. "कायमची येतेय गं," ते म्हणाले. "नाहीतर एवढं कशाला सांगेल?" मलाही तेच वाटलं. वाटायला तेच हवं होतं ना!

नाक्यावरच्या मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि पुढून मागेपर्यंत सगळंच बदला म्हणाला. भाऊजींना ते पटेना. तिच्यासाठीचं काम दुसऱ्याच्या हातून करून घ्यायचं नाही, हा हट्ट. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, खाली भक्कम स्टँड लावले (ते मी आरडाओरडा केल्यावर), आणि पाइपाला पडलेली भोकं पुस्तकाच्या पाठीसारखी बांधून टाकली. कापडाच्या पट्ट्या, वर खळ, पुन्हा पट्ट्या, पुन्हा खळ. बोटांनी दाबून एकही सुरकुती राहू दिली नाही. रात्रभर वाळवलं. सकाळी गाडी सुरू केली, आणि थोड्याच वेळात बोळभर करपलेल्या पावाचा वास सुटला. शेजारीण चिमटा हातात घेऊनच बाहेर आली. तिला वाटलं, आपलंच काहीतरी जळतंय.

"भाऊजी," मी म्हटलं, "तो पाइप तापतो हो. पुस्तक नाही तापत."

"वाचणाऱ्यावर आहे," ते म्हणाले, आणि काळ्या पट्ट्या खरवडायला लागले.

पुढच्या खेपेला दुकानातून उष्णता सोसणारी पट्टी आणली, वर डब्याचा पत्रा गुंडाळून क्लॅम्प आवळले. ते पहिल्याच गतिरोधकापर्यंत टिकलं. पाइप रस्त्यावर खडखडत घासत गेला आणि भाऊजी तोंड पाडून परत आले. तेव्हा कुठे ते भंगाराच्या बाजारात गेले, आणि त्याच जातीच्या गाडीचा धडधाकट सायलेन्सर घेऊन आले. नुसता बसवून थांबले नाहीत. मधल्या पाइपात आवाज मारणारा आणखी एक छोटा डबा घातला. गंजलेले बोल्ट तेल पाजून पाजून सोडवले, जोडांत नवे गॅस्केट घातले, पाइप टांगून धरणारी, वाळून तडकलेली रबरं बदलली. कोपर ते मनगट सगळे हात सोलवटले. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची पुस्तकं थप्पी लावून वाट बघत होती.

शेवटी तपासणी. मी मागे उकिडवी बसून पाइपाच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबून धरायचं, आणि ते जोडांजवळ कान नेऊन कुठे फुसफुसतंय का ते ऐकणार. "अजून जरा दाब!" ते खालून ओरडले. कुठेच फुसफुसलं नाही. भाऊजी बाहेर आले, नाकावर काजळी, आणि म्हणाले, "आता बोलू दे तिला काय बोलायचंय ते." इतका आनंदी माणूस मी त्या बोळात दुसरा पाहिला नाही.

ताई आली. बारीक झाली होती, पण बरी दिसत होती. गाडी निघाली तशी ती चकित होऊन म्हणाली, "अगंबाई, चालू आहे ना?" भाऊजी नुसते हसले. त्यांनी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

मग ताई बोलली. हळू आवाजात, समोर बघत.

"मी कायमची परत नाही येणार. मला तिथलं काम आवडतं हो. माझी खोली आवडते, खिडकीतलं झाड आवडतं. तिथे फक्त तुम्ही नाही. ते आता मला सोसत नाही. तुम्हीच तिकडे या ना."

गाडीत इतकी शांतता होती की तिच्या घड्याळाची टिकटिक मागे माझ्यापर्यंत येत होती. भाऊजींचा हात उठून कानाकडे गेला. "काय? ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "सायलेन्सरचा..."

आणि तिथेच थांबले.

ताईने पुन्हा सांगितलं नाही. ती राहिली तोवर दोघं एकमेकांशी फार मायेने वागले, आणि त्या वाक्याच्या आसपासही फिरकले नाहीत. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांसाठीही जीव तुटत होता. जायच्या दिवशी विमानतळाबाहेर ताई चांगली साडी सावरत खाली वाकली. नवा पाइप, डबा, क्लॅम्प, सगळं निरखून पाहिलं. "छान केलंत हो," एवढंच म्हणाली आणि वळून चालू लागली. ती दारातून आत दिसेनाशी झाली तरी भाऊजी तिथेच उभे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा मीच त्यांना हाताला धरून बसवलं.

परतताना मी पुढच्या सीटवर होते. बोळ जवळ आला तसा त्यांनी वेग कमी केला.

"मेव्हणीबाई," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिकडे लोक पुस्तकं बांधून घेतात का गं?"

"पुस्तकं तर तिकडेही फाटतच असतील की, भाऊजी," मी पुटपुटले.

ते त्यांना ऐकू गेलं.