चाचांचा किल्ट आणि माझी पँट

अख्ख्या गोंडपिपरीत पोटऱ्या उघड्या टाकून हिंडणाऱ्या पुरुषांना तोटा नव्हता, पण उघड्या पोटऱ्यांपायी बदनाम झालेला माणूस त्या तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा घरमालक होता. मे महिन्यात तिथं ऊनच असं पडतं की अंगावर कपडा ठेवला हीच मेहेरबानी. तहसीलसमोर अर्ज लिहून देणारे लुंगी दुमडून गुडघ्यावर बांधायचे, शेतातून थेट बाजारात आलेले शेतकरी धोतर मांडीपर्यंत खोचून भाव करायचे, आणि आमच्या कॉलेजचे प्राचार्य सकाळी नुसता टॉवेल गुंडाळून गल्लीच्या नळावर दात घासता घासता मुलांना शिस्तीबद्दल चार शब्द सुनवायचे. कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण आमच्या टेलरचाचांनी त्याच पोटऱ्यांच्या वर चुण्या घातलेलं, खिसे लावलेलं, बटणांचं खाकी कापड चढवलं आणि गावाला एकाएकी लाज आठवली.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथं मराठी शिकवायला म्हणून रुजू झालो होतो. लग्न झालेलं नव्हतं, ओळख कुणाची नव्हती, आणि चाचांच्या दुकानावरची पत्र्याची खोली हे माझं घर होतं. खाली दुकान, दुकानामागं चाचांची एक खोली. चाची जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक चंद्रपूरला दिलेली. चाचा माणसांना नावानं ओळखत नसत, मापानं ओळखत. ‘सर, छत्तीसची कंबर आली होती, तुमाले विचारून राह्यली होती,’ असा निरोप मिळाला की मी अर्धा दिवस गावातल्या कंबरा आठवत बसे. कुणी वारलं तर म्हणायचे, ‘चाळीसची छाती गेली.’ टेप गळ्यात असे, पण ती डॉक्टरच्या नळीसारखी, गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून. मी पहिली पँट शिवायला टाकली तेव्हा शिकलेला माणूस या नात्यानं टेप लावायचा आग्रह धरला आणि टेप लागताच पोट आत ओढून घेतलं. चाचांनी माझ्या समाधानासाठी एकोणतीस लिहिलं आणि एकतीस कापलं. पँट मला अशी बसली की त्यानंतर मी त्यांच्यासमोर पोट आत ओढायचं सोडून दिलं.

दुसरी सवय चहाची. चाचा दिवसातून चार वेळा चहा करत आणि चारही वेळा दोन कप करत. एक स्वतः पीत, दुसरा मशीनच्या फळीवर ठेवून देत. जो पहिला दुकानात शिरेल त्याचा तो कप; कुणीच शिरलं नाही तर जिन्याकडं तोंड करून हाक येई, ‘सर, चहा निवून राह्यला.’ मी त्याला त्यांचा अगत्यशील स्वभाव समजत होतो. चाची गेल्यावर या माणसाला एकट्यापुरता चहा करायला जमलेलंच नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष लागलं. मी साहित्याचा माणूस, त्यामुळं साध्या गोष्टी मला उशिरा कळतात.

तर किल्ट. त्याआधी चाचा दुकानात लुंगीच नेसत. पण पायडलची मशीन आणि लुंगी यांचं जमत नाही. एकदा तलाठ्याची बायको ब्लाउजचं कापड समजावून सांगत असताना लुंगीचं टोक चाकात गेलं, आणि चाचांना काही उमजायच्या आत लुंगी मशीनकडं गेली आणि चाचा स्टुलावर राहिले. तलाठीणबाई गेल्या त्या कापड ठेवूनच गेल्या. त्यानंतर चाचांनी पँट घालून पाहिली, तर कोळशाच्या इस्त्रीशेजारी बसून त्यांच्या मांड्या घामोळ्यांनी पार सोलून निघाल्या. अशात ते लेकीला भेटायला चंद्रपूरला गेले आणि रस्त्यावर विकायला बसलेल्या जुन्या विलायती कपड्यांच्या ढिगातून एक काळं जाडजूड काहीतरी घेऊन आले. लष्करी बँडमधले बाजावाले घालतात तसलं चौकड्यांचं नव्हे. साधं, गुडघ्यापर्यंतचं, मागं चुण्या, बाजूला मोठाले खिसे आणि हातोडी अडकवायला एक फीत. आतली पट्टी वाचायला त्यांनी मला खाली बोलावलं. पट्टीवर धुण्याच्या सूचना होत्या आणि ‘किल्ट’ हा एक शब्द. मी आयुष्यात किल्ट फक्त एका कॅलेंडरवर पाहिला होता, पण वरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला अज्ञान परवडत नाही. मी सांगून टाकलं की तिकडं विलायतेत हा पुरुषांचाच कपडा आहे, सैनिक घालतात, सुतार घालतात, नवरदेवसुद्धा हाच घालून उभा राहतो. आग लावली ती मीच.

चाचांनी त्याची शिवण न् शिवण उसवली आणि दोन दिवस तो फरशीवर पसरून त्याच्याभोवती उकिडवे फिरत राहिले. माझ्या इतिहासावर त्यांचा फारसा विश्वास नसावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा पुरावा शोधला. म्हणाले, ‘बाईचा नाई हा, सर. बटण उजव्या पट्टीले हाय, काज डाव्या. मर्दाचा कपडा.’ शिंप्याच्या जगात स्त्री-पुरुष भेद बटणापाशी ठरतो. बाकी सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात. आठवड्याभरात त्यांनी ड्रिलच्या जाड खाकी कापडाचा स्वतःचा किल्ट शिवला. खडूला खिसा, कात्रीला फीत, आणि खाली चाकापासून चांगलं वीतभर अंतर.

गावाला मात्र पट्टी बघण्यात रस नव्हता. चहाच्या टपरीवर टेलरमास्टरचं ‘मास्टरीणबाई’ झालं. अहेरीच्या बसमध्ये कंडक्टरनं त्यांना अदबीनं महिलांसाठी राखीव बाकावर बसवलं. चाचा बसले, आणि उतरेपर्यंत शेजारच्या म्हातारीला काज आणि बटणाचा फरक समजावत राहिले. मशिदीत जाताना ते न चुकता पायजमा घालत, पिशवीतून नेऊन बाहेरच्या बाहेर बदलत, त्यामुळं तिथल्या बुजुर्गांना बोलायला जागा नव्हती, तरी ते नुसतं बघत. मग पँटचं कापड दुसऱ्या दुकानी जाऊ लागलं. जो स्वतः पँट घालत नाही तो पँट काय शिवणार, असा सरळ हिशेब. चंद्रपूरहून जावयाचा निरोप आला की ईदेला जरूर या, पण पँट घालून या. चाचा हे सगळं मला सुईत दोरा ओवता ओवता सांगत, जणू दुसऱ्या कुणाचं सांगताहेत. त्या ईदेला ते गेले नाहीत. दिवसभर मशीन चालवत बसले होते. वर मला आवाज येत होता आणि गिऱ्हाईक तर एकही नव्हतं.

हिवाळ्यात ते दरवर्षी वडश्याला जात. तिथं नाटकांचा हंगाम असे, नाटक कंपन्यांचे पोशाख शिवायचं काम मिळे. त्या वर्षी ते चौथ्याच दिवशी परतले. कंपनीचा मॅनेजर त्यांचा किल्ट पाहून भलताच खूश झाला होता म्हणे. शिवणकाम राहू द्या, हेच घालून दुसऱ्या अंकात नुसते या दारातून त्या दारात जा, पब्लिक छपरं उडवील, असं त्यानं सांगितलं. ‘स्टेजवर चालते, सर,’ चाचा म्हणाले. ‘सोंग म्हटलं की सारे टाळ्या वाजवतेत. मी त्याले म्हटलं, हे सोंग नाई, माह्या कपडा हाय. तर तो आनखीच जोरानं हासला.’

चारेक दिवसांनी त्यांनी जिन्याशी येऊन मला हाक मारली. हातात खाकी ड्रिलचं दुसरं घडी केलेलं कापड होतं. माझ्यासाठी शिवलेलं. माप अर्थातच घेतलं नव्हतं.

‘एक डाव बाजारात माह्यासंगं चाला,’ ते म्हणाले. ‘दुकानापासून बसस्टँडपावतर, बस. एकटा असला तर येडा म्हनतेत. दोघं असले तर फॅशन.’

त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो. नुसतं हो नाही, पोशाखाचं स्वातंत्र्य या विषयावर जिन्यात उभं राहून दहा मिनिटं बोललो.

बाजाराच्या दिवशी मी किल्ट घातला. आरसा दाढीपुरता होता, म्हणून खुर्चीवर चढून खालचा भाग आणि उतरून वरचा भाग असा हप्त्यानं पाहिला. दोन्ही भाग स्वतंत्रपणे बरे दिसत होते. वारा लागत होता, आणि असल्या हवेत मनुष्यजातीनं पँट का स्वीकारली असा थोर विचारही मनात आला. त्या विचारासकट मी तीन पायऱ्या उतरलो. खाली रस्त्यावर माझ्या अकरावीच्या वर्गातल्या पाच-सहा मुली कणसं खात उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं. मी तीन पायऱ्या उलट चढलो, पँट घातली आणि खाली येऊन चाचांना सांगितलं की काय करणार, ऐन वेळी बटण तुटलं.

शिंप्याला सांगितलं. जगात इतक्या थापा शिल्लक होत्या, ताप होता, पोट होतं, प्राचार्यांचं बोलावणं होतं. मी शिंप्याला बटण तुटल्याचं सांगितलं.

‘आना, लावून देतो,’ चाचा म्हणाले आणि सुई काढली.

मी वर गेलो. बटण शाबूत होतं, चाचांनीच लावलेलं, ओढून निघेना. ब्लेड सापडेना. शेवटी मी ते दातानं तोडलं आणि किल्ट घेऊन खाली आलो. चाचांनी दोऱ्याच्या टोकावरून बोट फिरवलं. टोक ओलं होतं. त्यांनी बोट पुसलं, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि बटण दुहेरी दोऱ्यानं असं पक्कं लावलं की जणू दुरुस्त करण्यासारखं तेवढंच होतं. मग उठले, आपला खाकी किल्ट झटकला आणि बाजाराकडं चालू लागले. मी पँटमध्ये त्यांच्यामागून. दहा पावलं मागून, मधूनच वांग्यांचा भाव विचारत, म्हणजे बरोबर आहे असंही वाटू नये आणि नाही असंही म्हणता येऊ नये.

परत आल्यावर मी उत्साहानं म्हणालो, ‘चाचा, पाहिलंत, आज कुणीच हसलं नाही.’

‘तुमी मांगं होते, सर,’ ते म्हणाले. ‘मांगून तोंडं दिसत नाईत.’

मग त्यांनी चहा केला. माझ्यापुढं कप ठेवला, आणि त्या दिवसानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. किल्ट ते घालतच राहिले. बाजारात जात, बसमध्ये बसत, एकटेच. माझ्याशी बोलणं पूर्वीसारखंच होतं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. निघायच्या दिवशी स्टँडवर कॉलेजची मंडळी हार घेऊन आली होती, प्राचार्य होते, मुलं-मुली होत्या. चाचा दुकानातून निघताना दिसले नाहीत, म्हणून मी मनातल्या मनात थोडा सुटलोही होतो, हे कबूल करतो. बस लागली तेव्हा गर्दीच्या कडेनं एक माणूस येताना दिसला आणि मी चटकन ओळखलंच नाही. चाचांनी पँट घातली होती. काळी, जुन्या फॅशनच्या रुंद पायांची, ट्रंकेत घड्या पडलेली, ते कधीतरी अंगानं जाड असतानाची. ते येऊन माझ्या अगदी शेजारी उभे राहिले, सगळ्यांच्या देखत.

‘पँट काऊन घातली, चाचा?’ मी विचारलं. माझ्या तोंडून तिथलीच भाषा निघाली.

‘आज तुमच्या बाजूनं उभं राह्याचं होतं ना,’ ते म्हणाले.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, छान दिसते. बस निघाली. खिडकीतून मागं पाहिलं तेव्हा बाकीचे सगळे दोन्ही हात हलवत होते. चाचा एकच हात हलवत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी पँट कमरेशी धरून ठेवली होती.