जावयाची गिटार आणि माझा पखवाज

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? असली फजिती दुश्मनाचीही होऊ नये! चहा ओता आधी. आणि हसायचं ते शेवटी.

मी मैंदर्गीचा. गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज माझ्याकडं. म्हणजे तालातलं आपल्याला कळतं, असा माझा समज. लेक सोलापुरात दिलेली. जावई ऑफिसात कॉम्प्युटरवर. माणूस इतका गरीब, की भाजीत मीठ कमी पडलं तरी मागणार नाही.

एका रविवारी न कळवता लेकीकडं गेलो. दार उघडंच. आत बघतो तर काय? जावई पाठमोरे उभे, गळ्यात गिटार, आणि असलं वादन की खिडक्या थरथरताहेत! बोटं तर दिसतच नव्हती. समोर टीव्हीवर हजारो माणसं टाळ्या वाजवताहेत. मी पिशवीसकट उंबऱ्यावरच बसलो. अंगावर काटा आला हो! आमच्या घरात एवढा मोठा कलाकार, आणि आम्हाला पत्ता नाही?

गिटारला तारा दिसल्या नाहीत, पाच रंगीत बटणं होती. म्हटलं, नवी तऱ्हा असेल. पेटीला तरी कुठं तारा असतात?

"पाव्हणं, कवापास्नं वाजवताय?"

"लग्नाआधीपास्नं, मामा," ते लाजले. "नुसता टाइमपास हो."

बघा विनय! खरा कलावंत असाच बोलतो.

गावात आलो आणि सुटलोच. आमचे पेटीवाले सिद्रामअण्णा म्हणाले, "व्हय? आमच्या पेटीसंगं वाजवतील का?"

मी म्हणालो, "तुमची पेटी गप बसंल, अण्णा! न्हाय बसली तर मी पखवाज खाली ठेवतो. कायमचा!"

कुणी सांगितलं होतं बोलायला?

धोंड्याचा महिना लागला. जावयाला जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं, हे आलंच. मी फोन केला. "पाव्हणं, गिटार घिऊनच या. मंडळीपुढं वाजवायची."

"मामा, टीव्ही हाय का तितं?"

"टीव्ही कशाला? अख्खं गाव समोर हाय की!"

जावई म्हणाले, "बरं, मामा." सासऱ्याचा शब्द कसा मोडायचा, म्हणून बिचारे तयार झाले.

संध्याकाळी देवळात फेटा, शाल, नारळ, सगळं झालं. सिद्रामअण्णांनी अदबीनं विचारलं, "पाव्हणं, पट्टी कंची? काळी चार?"

जावई घाबरून म्हणाले, "मला हिरवी, लाल, पिवळी, असलंच येतंय."

मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. मी माईक गिटारजवळ सरकवला. जावयांनी डोळे मिटून हात मारला.

खट्. खट्. खट् खट्.

"सूर लावायलेत," म्हणत मी सगळ्यांना गप्प केलं. पाच मिनिटं गाव भक्तिभावानं ती खटखट ऐकत होतं! मागून एक आजी म्हणाल्या, "लई अवघड राग दिसतोय बाई."

शेवटी जावई माझ्या कानाशी लागले. "मामा, ह्यो खेळ हाय. गाणं टीव्हीतनं वाजतंय. रंग खाली आला की मी बटण दाबतो. बास."

गेला! तीस वर्षांचा पखवाज गेला!

सिद्रामअण्णा मात्र उठले. "मग चला की! ह्यांच्या घरी टीव्ही हाय." झालं, सगळी वरात माझ्या घरी. जावयांनी गाडीतला खेळाचा डबा आणून टीव्हीला जोडला आणि सुरू झाले. अहो, रंगीत ठिपके सरसर खाली येताहेत, आणि एक चुकेल तर शपथ! मंडळी आ वासून बघताहेत. मीही. खेळ का असेना, ताल होता हो तो. नुसत्या डोळ्यांनी धरलेला!

मग अण्णांनी गिटार गळ्यात घातली. पेटीवर फिरलेली बोटं त्यांची, कसंबसं निभावलं. टीव्हीतल्या माणसांनी टाळ्याही दिल्या.

"आता तुमी," अण्णा म्हणाले. "जमलं तर पखवाज तुमचा."

मी बाह्या सरसावल्या. हिरवा गेला, लाल गेला, मी अजून पिवळ्याच्या मागं! टीव्हीतली माणसं माझी हुर्यो करायला लागली आणि गाणं निम्म्यातच बंद पडलं. माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीनं मला खाली बसवलं.

तरी अण्णांनी पखवाज माझ्याकडंच ठेवला. देवमाणूस! पण अजून भजनात माझा ठेका जरा घसरला, की ते पेटीवरची मान वर न करता विचारतात, "टीव्ही लावू का?"