डब्यातली चवथ

लाटंबार्शे गावात बाकीच्यांची घरं जमिनीतून वर आली, आमचं मुरगावहून ट्रेलरवर बसून आलं. येताना त्याने वाटेतल्या फणसाची एक भली मोठी फांदी मोडली, वळणावर बस अडवली आणि गावात शिरायच्या आधीच आमच्या नावाने शिमगा सुरू करून दिला.

त्याचं असं झालं. उभा जन्म मी बंदरात कंटेनर उघडण्यात आणि बंद करण्यात घालवला. त्यामुळे निवृत्त होऊन गावी घर बांधायची वेळ आली तेव्हा चिरे, रेती, गवंडी असल्या गावठी गोष्टींकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन जुने कंटेनर घ्यायचे, काटकोनात ठेवायचे, खिडक्या कापायच्या, झालं घर! (माझी बायको सुनंदा म्हणाली होती की डब्यात चकल्या ठेवतात, माणसं नव्हे. मी हसलो होतो.) आम्ही त्याला हौसेने नाव ठेवलं होतं, पण गावाने ते कधी वाचलंच नाही. आमचं घर म्हणजे ‘डबो’, आणि आम्ही डब्याकडची माणसं.

एप्रिलमध्ये डब्याने आपले गुण दाखवले. भिंतीला टेकून बसायची सोय नाही, दाराच्या कडीला फडक्याने धरायचं, आणि सुनंदा तर पापड वाळवायला अंगणात न नेता चक्क दिवाणखान्यात पसरायची. दुपारी आम्ही दोघं घर सोडून काजूच्या झाडाखाली जाऊन बसायचो, आणि येणारा-जाणारा विचारायचा, घर विकलंत की काय? शेवटी मी शहाणपणा केला. भिंतींना आणि छताला आतून जाड फोम लावला, त्यावर प्लायवूड ठोकलं, वरून झावळ्यांचा मांडव घातला. घर माणसांत आलं.

मग आली चवथ. इथे मला जरा गंभीर व्हायला हवं, कारण सुनंदाच्या दृष्टीने घर बांधलं होतं तेच मुळी चवथीसाठी. आमच्या कुटुंबाचा गणपती थोरल्या दादाकडे बसतो. आम्ही वास्कोला क्वार्टरमध्ये राहणारी माणसं. दर वर्षी चवथीला पिशव्या घेऊन पाहुण्यासारखी यायची. सुनंदाने सगळा जन्म वहिनींच्या स्वयंपाकघरात, वहिनींना विचारून विचारून नेवऱ्या तळल्या. एकदा तरी गणपती आपल्या घरी, आपल्या हातचा नैवेद्य खायला यावा, एवढंच तिचं मागणं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण दर चवथीला परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसायची. मला कळायचं.

दादाचे गुडघे त्या वर्षी कुरकुरत होते, म्हणून मी हळूच विषय काढला. दादा काठी टेकत टेकत आला, काठीनेच बाहेरच्या भिंतीवर टकटक केलं (टण्ण!), आत येऊन वर पाहिलं आणि म्हणाला, “आनी माटोळी खंय बांदतलो? लोहचुंबकाक?”

प्रश्न रास्त होता. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी नसेल तर ती चवथच नव्हे. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला नारळांचे घोस, सुपारीचे घड, तोरिंगणं, कवंडळं, रानातलं जे काही फळतं ते सगळं बांधायचं. वजन चांगलंच होतं. ते फोमला आणि प्लायवूडला पेलणार कसं?

पण मी बंदरातला माणूस! दुसऱ्याच दिवशी, जिथे गणपती बसणार होता तेवढ्या भागावरचं प्लायवूड उचकटलं, फोम खरवडून काढला, आणि उघड्या पोलादी छतालाच जाडजूड हूक वेल्डिंग करून घेतले. म्हटलं, दादा, याला गणपतीचा रथ टांग. दादाने खरंच दोन्ही हातांनी हूक धरून लोंबकळून पाहिलं. वहिनी किंचाळल्या, मी डोळे मिटले. हूक हलला नाही. दादा खाली उतरला आणि बरं म्हणाला. त्या रात्री सुनंदाने मला न विचारता शिरा केला.

चवथीचा दिवस उजाडला तो रणरणत्या उन्हाचा. पूजा सुरू होईपर्यंत सगळं कुटुंब डब्यात कोंबलं गेलं. समया पेटलेल्या, धूप, कापूर, वाफाळत्या पातोळ्यांची ताटं, आणि सगळ्यांना पुढेच बसायचं. आणि ऐन आरतीला धो धो पाऊस कोसळला. मांडवावर, छतावर असा धडधडाट, की कोण कुठलं कडवं म्हणतंय ते देवालाच ठाऊक.

तेवढ्यात माझ्या कपाळावर एक थेंब पडला.

छत गळतंय! आमचा गणपती म्हणजे कच्च्या मातीचा; पाणी लागलं की विरघळायचा. आणि विसर्जनाआधी मूर्तीला धक्का लागणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. टाळ भाच्याच्या हातात कोंबून मी भर पावसात शिडी लावून छतावर चढलो. पालथा पडून झावळ्यांखाली इंचन् इंच चाचपला. भोक नाही, भेग नाही, वेल्डिंग ठणठणीत. ओलाचिंब होऊन खाली आलो तर आतून शेवंतीकाकीचा आवाज:

“गणपतीक घाम आयलो गे!”

शेवंतीकाकी आमच्या घराण्यातली सर्वांत ज्येष्ठ बाई. तिने सांगितलं की सांगितलं. सगळ्यांनी पाहिलं. गणपतीच्या कपाळावर, सोंडेवर, गालांवर टपोरे थेंब! कुणी साष्टांग नमस्कार घातला, कुणी रडू लागलं. सुनंदा तर हात जोडून तशीच उभी. मला म्हणाली, “अहो, पहिल्याच वर्षी देवाने आपल्याला पसंत केलं हो.”

मी वर पाहिलं आणि मला सगळं कळलं. बंदरात नवीन माणूस लागला की मी त्याला पहिला धडा हाच द्यायचो: कंटेनरमधला माल बाहेरच्या पावसाने भिजत नाही, आतल्या वाफेने भिजतो. पावसाने छताचं पोलाद थंड होतं, आतली ऊबदार हवा त्याला लागते, तिचं पाणी होऊन खाली ठिबकतं. सगळ्या डब्यात उघडं पोलाद होतं ते नेमकं गणपतीच्या डोक्यावर, आणि ते मी स्वतः, उत्साहाने, खरवडून उघडं केलं होतं! थेंब पोलादावरून हुकावर, हुकावरून तोरिंगणावर, तोरिंगणावरून थेट देवाच्या मस्तकावर.

बातमी पावसाच्या पाण्याआधी गावभर पोचली. आमचा वाडा, म्हणजे अख्खी आळी आली, पलीकडचा वाडा आला, दोडामार्गाकडून एक टेंपो भरून माणसं आली. जितकी माणसं जास्त तितके श्वास जास्त, जितके श्वास जास्त तितकी वाफ, आणि जितकी वाफ तितका चमत्कार! त्यात घुमट, म्हणजे मातीचं चर्मवाद्य, बडवत घुमट आरतीवाले आले. ते गळ्याच्या शिरा ताणून गाऊ लागले आणि ठिबकणाऱ्या थेंबांची धार झाली. लोक म्हणाले, बघा, देव आरतीला प्रसन्न झाला. मी मात्र देवाचा डावा कान बघत होतो. त्याचा गुलाबी रंग ओघळून खांद्यावर आला होता. पितांबराची जर सुटायला लागली होती.

आता काय करावं? खरं सांगितलं तर सुनंदाच्या आनंदावर पाणी, आणि गणपती पुन्हा दादाकडे, कायमचा. नाही सांगितलं तर तासाभरात चौरंगावर नुसता चिखल. शेवटी कानाची पाळी हलल्यासारखी वाटली आणि मी स्टुलावर चढून ओरडलो, “मंडळी, हा चमत्कार नाही! ही तुमचीच वाफ आहे! बाहेर व्हा, देव विरघळतोय!”

मग मागून कुणीतरी म्हणालं की एवढा प्रसाद मिळूनही माणसाला गर्व कसा तो नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दोघांनी माझ्याच पायांना हात लावला. एकही माणूस जागचा हलला नाही.

सुनंदा तेवढी हलली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग हुकांकडे, मग परत माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरताना मला दिसला, आणि तेवढ्यात मला खरोखर धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. ती पदर खोचून दाराशी गेली आणि अंगणात पंगतीसाठी घातलेल्या ताडपत्रीच्या मांडवाकडे हात करून म्हणाली, “जेवपाक चला, पानां वाडल्यांत. खतखतें निवता.”

सगळ्या भाज्यांचं खतखतं थंड होतंय म्हटल्यावर चमत्कारासमोर कोण उभं राहतंय! डोळ्याचं पातं लवायच्या आत खोली रिकामी. घुमटवाले तर आरती मधल्या कडव्यात सोडून गेले. मी खिडक्या उघडल्या, पंखे दाराकडे वळवले, पातोळ्यांची ताटं बाहेर नेली.

परत आलो तर आत एकटा दादा. चौरंगाशेजारी स्टुलावर बसलेला, गुडघा चोळत, आणि दुसऱ्या हाताने गणपतीच्या डोक्यावर आपली काळी छत्री धरलेली. मी सगळं सांगून टाकलं. फोम, हूक, वाफ, बंदरातला तो धडासुद्धा. म्हटलं, दादा, पुढच्या वर्षी घेऊन जा देवाला.

दादा छत्रीवरून टपकणाऱ्या थेंबांकडे बघत राहिला. बाहेर सुनंदा पंगतीत वाढत होती. कुणाला न विचारता, आग्रह करून करून वाढत होती, आणि डोळे पुसून पुन्हा वाढत होती. दादाने तिच्याकडे पाहिलं.

“गणपती हांगाच बसतलो,” तो म्हणाला. “तुज्या बायलेक लागून, तुका लागून न्हय. पूण तें छप्पर धांप. आनी माटोळेक लाकडाचे चार खांबे पुर. आमच्या आज्याक हूक मेळूंक नाशिल्ले.”

चार लाकडी खांब! एवढं साधं उत्तर होतं आणि मी पोलाद खरवडत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. गणपतीने कान सांभाळून निरोप घेतला. छत झाकलं, खांब रोवले, आणि पुढच्या चवथीला पाऊस पडला, गर्दी झाली, घुमटवाले घसा फुटेस्तोवर गायले, पण देवाच्या कपाळावर एक थेंब येईल तर शपथ. मी आणि सुनंदा एकमेकांकडे बघून हसत होतो. लोक मात्र ताटकळत होते. दोडामार्गाचा टेंपो बराच वेळ थांबून हिरमुसून परत गेला. अखेर शेवंतीकाकी माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, “बाबा, ह्या वर्सा तुजें कितें चुकलें रे?”

मी तिला फोम समजावला, वाफ समजावली, पोलाद समजावलं. ती सगळं ऐकून म्हणाली की मनात काही असेल तर देवासमोर बोलून टाक, तो क्षमा करतो. तेव्हापासून वाड्यात माझ्याकडे पाप लपवलेला माणूस म्हणून पाहतात. देव दर वर्षी कोरडा ठणठणीत असतो. लोक आधी त्याच्या कपाळाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि त्या खोलीत आता घाम फुटतो तो फक्त मला.